सोलापुरात पेठेला लागून चांगल्या हॉटेलात राहायचंय? मग अशी तयारी करा

दीड वर्षापूर्वी आमचं पूर्व भागातलं घर विकलं. खाली वडलांचे चार माग नि वर आम्ही, असं ते घर होतं, घरात तेलुगू, गल्लीत मराठी, नि मागाच्या खटाखटीत अभ्यास. घर गेल्यावर पहिल्यांदाच सोलापूरला यायचं म्हंजे हॉटेल बुक करायचं असं झालं, नि खरं सांगते, स्वतःच्याच गावात हॉटेल शोधताना मला काहीच कळत नव्हतं. तेव्हापासून बऱ्याच वेळा आले, पाच वेगवेगळ्या हॉटेलांत राहिले, त्यातली दोन फसली, दोन बरी निघाली नि एक इतकं आवडलं की आता तिथंच उतरते. पुण्यातले ऑफिसचे लोक, मावसभावंडं सगळे विचारतात की सोलापुरात कुठं राहायचं, म्हणून सगळं एकदाच नीट लिहून काढलं.

बरेच लोक काय करतात, ॲपवर सगळ्यात चकाचक फोटो असलेलं हॉटेल घेतात, ते निघतं शहराच्या टोकाला हायवेजवळ, मग सकाळी गाडी काढून अक्कलकोट, दुपारी तुळजापूर, रात्री खोलीत पनीर मागवून झोप, नि परत जाऊन सांगतात सोलापुरात बघण्यासारखं काय नाय. अहो, तुम्ही सोलापुरात राहिलाच नाहीत! या गावाची सगळी कलाकारी पेठांमधे आहे, मागावर आहे, चाटी गल्लीतल्या कापडाच्या ठाणांत आहे, उखळात कुटलेल्या चटणीत आहे. त्यामुळे माझा पहिला सल्ला हाच, की आधी भाग ठरवा नि मग त्या भागातली खोली बघा.

तारीख आधी तपासा

हे सगळ्यात आधी. सोलापूर हे देवदर्शनाला जाणाऱ्यांचं मुक्कामाचं गाव आहे, अक्कलकोट साधारण ४० किलोमीटर, तुळजापूर ४५, पंढरपूर ७५, त्यामुळे गावात काही नसलं तरी आजूबाजूच्या देवळांच्या तारखांनी खोल्या भरतात. नवरात्र, कोजागरी (या दिवशी सोलापुरातून तुळजापूरला हजारो लोक रात्रभर चालत जातात), स्वामींचा प्रकटदिन, आषाढी-कार्तिकी, नि लागून आलेले सुट्टीचे शनिवार-रविवार. या दिवसांत यायचं असेल तर महिनाभर आधी फोन करा.

आणि जानेवारीतली सिद्धेश्वराची यात्रा. तिला आम्ही गड्डा म्हणतो. संक्रांतीच्या दिवसांत सात नंदीध्वज निघतात, उंच काठ्या, सजवलेल्या, पांढरेशुभ्र बाराबंदी घातलेले लोक त्या तोलून धरतात, भोगीच्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा, संक्रांतीला होम मैदानावर होम, मग शोभेचं दारूकाम. गर्दी प्रचंड, रस्ते बंद, रिक्षा लांबून फिरून येते. पण तुम्हाला सोलापूर जिवंत बघायचं असेल तर हेच दिवस. मी तर म्हणते गैरसोय होऊ द्या पण एकदा या. फक्त या दिवसांत हॉटेल पार्क चौकाच्या आसपास चालत जाता येईल असंच घ्या, गाडीनं तिथं पोचणं अवघड होतं.

एप्रिल-मे टाळता आलं तर टाळा. पारा ४० च्या पुढं जातो नि दुपारी बारा ते पाच गावात शुकशुकाट. यावंच लागलं तर सकाळी लवकर नि संध्याकाळी फिरायचं, दुपारी एसी लावून झोपायचं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी झकास हवा असते.

भाग कुठला घ्यायचा

मोठी, नवी, स्टायलिश म्हणावीत अशी हॉटेलं जास्त करून बाहेरच्या बाजूला आहेत, होटगी रोड, विजापूर रोड, पुणे नाका. आसरा चौकातलं बालाजी सरोवर प्रीमियर हे त्यातलं सगळ्यांना माहीत असलेलं नाव. बिझनेससाठी आलात, लग्नाला आलात, सोबत म्हातारी माणसं आहेत, विमानतळ जवळ पाहिजे (तो होटगी रोडलाच आहे), तर हा भाग चांगला. रस्ते रुंद, पार्किंगची कटकट नाही, शांत झोप. पण इथून पेठेत यायला प्रत्येक वेळी रिक्षा करावी लागते, नि एकदा खोलीवर गेलात की परत बाहेर पडायचा कंटाळा येतो, हे मी स्वतः अनुभवलंय.

मला आवडतो तो पट्टा म्हंजे पार्क चौक, नवी पेठ, डफरीन चौक, रेल्वे लाइन्स, सात रस्ता. इथं मध्यम साइजची हॉटेलं आहेत, काही जुनीच पण आतून नव्यानं सजवलेली, लॉबी लहान पण खोली नीट. इथून नवी पेठ चालत, सिद्धेश्वर मंदिर चालत, भुईकोट किल्ला चालत, स्टेशनला रिक्षानं थोडक्यात जाता येतं. नवीन माणसानं पहिल्यांदा इथंच राहावं.

एसटी स्टँड नि स्टेशनच्या अगदी तोंडाशी भरपूर लॉज आहेत. रात्री दोनला उतरून सकाळी सहाला पुढं जायचं असेल तर ठीक. राहायला म्हणून नको, रात्रभर हॉर्न.

पूर्व भागात, म्हंजे कन्ना चौक, जोडबसवण्णा चौक, अशोक चौक, साखर पेठ, भद्रावती पेठ या बाजूला, राहायला चांगलं हॉटेल मिळणं कठीण. तिथं राहायचं नाही, तिथं सकाळी जायचं. त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलंय कारण माझ्या मते सोलापूरला येण्याचं खरं कारण तेच आहे.

फोटोवर जाऊ नका, फोन करा

ॲपवर दोन-तीन हॉटेलं निवडा, मग थेट रिसेप्शनला फोन लावा. दिवसा अकरा ते चारच्या मधे करा, तेव्हा काउंटरवर निवांत असतात. "नमस्कार मालक, दोन रात्रीसाठी खोली पाहिजे होती" असं म्हणा, सोलापुरात मालक हा शब्द सगळ्यांना चालतो, समोरचा मालक असो नसो. मग एकेक विचारा:

चेक-इन किती वाजता, नि सकाळी लवकर आलो तर चालेल का? हा सोलापुरातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. कारण मुंबईहून सिद्धेश्वर एक्सप्रेस रात्रभर चालून सकाळी लवकर आणून सोडते नि बऱ्याच हॉटेलांचं चेक-इन दुपारी बाराला. पहिल्या वेळी मी हे विचारलं नव्हतं, आईला घेऊन पहाटे पोचले नि बारापर्यंत लॉबीतल्या सोफ्यावर बसून काढलं, आईचे पाय सुजले. काही ठिकाणी २४ तासांचा हिशोब असतो, सकाळी सातला आलात तर दुसऱ्या दिवशी सकाळी सातला सोडायचं. रात्रीच्या गाडीनं येणाऱ्याला हा हिशोब फायद्याचा. वंदे भारत मुंबईहून दुपारी निघते नि रात्री उशिरा पोचते, तिनं येत असाल तर उलटं विचारा, रात्री किचन किती वाजेपर्यंत चालू असतं.

पाणी. सोलापूरच्या नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं. उजनीवरून शंभर किलोमीटरच्या वर पाइपलाइननं पाणी आणावं लागतं या गावाला. हॉटेलांनी बोअर, टँकर, टाक्या अशी सोय केलेली असते, पण विचारून घ्या की गरम पाणी दिवसभर की ठराविक वेळी, नि बाथरूमला बोअरचं पाणी आहे का. बोअरचं पाणी जड, केस चिकट होतात, त्याची तयारी ठेवलेली बरी. आणि शॉवर उगाच चालू सोडू नका, बादलीनं आंघोळ करा, इथल्या घराघरांत पिंपं भरून ठेवलेली असतात हे लक्षात असू द्या.

जवळ मंगल कार्यालय किंवा लॉन आहे का? लग्नसराईत हा प्रश्न विसरू नका. एका हॉटेलात माझी खोली मस्त होती, पांढरे पडदे, पिवळे दिवे, खिडकीत कुंड्या, आणि बरोबर खाली बँक्वेट हॉल. डीजे थांबला तरी खुर्च्या ओढल्याचा आवाज रात्री एकपर्यंत. आता मी सरळ सांगते, रस्त्याकडची नको, हॉलवरची नको, वरच्या मजल्यावरची आतल्या बाजूची द्या.

लोकल आयडी चालतो का? बाहेरच्या लोकांना हा प्रश्न पडणार नाही पण माझ्यासारखे सोलापूर सोडून गेलेले बरेच वाचत असतील म्हणून लिहिते. माझ्या आधारवर अजून जुन्या घराचाच पत्ता. दुसऱ्या वेळी आले तेव्हा रिसेप्शनवरच्या मुलानं कार्ड बघितलं नि म्हणाला, मॅडम लोकल पत्त्याला आम्ही खोली देत नाही. दोन मिनिटं मला बोलताच येईना. ज्या घराचा पत्ता तो दाखवत होता ते घर राहिलं नव्हतं म्हणून तर मी तिथं उभी होते. शेवटी ऑफिसचं ओळखपत्र, पुण्याचं वीजबिल दाखवलं तरी ऐकलं नाही, दुसरीकडे गेले. कायद्यात असं काही नाही, तो त्या-त्या हॉटेलचा नियम असतो, पण रात्री दहाला वाद घालण्यात काय अर्थ नाही, बुकिंगच्या वेळीच विचारा नि उत्तर व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. लग्न न झालेल्या जोडप्यांनी पण हेच करावं.

आधारची झेरॉक्स द्यायची असेल तर मास्क केलेलं आधार द्या, ज्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात, ते सरकारी वेबसाइटवरून डाउनलोड होतं. नाहीतर लायसन्स द्या.

भाड्याचं पण तिथंच बोला. ॲपवरचा रेट सांगा नि विचारा की थेट घेतलं तर काय देता, बऱ्याचदा नाश्ता धरून तेवढ्यातच देतात. जीएसटी धरून की सोडून हे विचारायचं, सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के आहे, त्याच्या वर १८.

खोलीत शिरल्यावर

सामान खाली ठेवायच्या आधी नळ सोडून बघा, एसी लावून बघा, खिडकी उघडून बघा, दाराची आतली कडी लागते का बघा. मी एकटी असते तेव्हा कडी सगळ्यात आधी. काही खटकलं तर तेव्हाच खोली बदलून मागा, पसारा मांडल्यावर मागायला आपल्यालाच लाज वाटते.

नंतर एक गोष्ट कराच, माझ्यासाठी करा. टॉवेल हातात घेऊन बघा नि विचारा हा कुठला. सोलापूरच्या टेरी टॉवेलला जीआय (म्हंजे हा माल याच गावचा अशी सरकारी नोंद) मिळालेलं आहे, इथले टॉवेल परदेशात जातात, आणि सोलापुरातल्याच हॉटेलात कधीकधी बाहेरून आणलेला पातळ पॉलिस्टरचा टॉवेल टांगलेला असतो. रात्री पांघरायला सोलापुरी चादर आहे का तेही विचारा. जिथं मी आता उतरते तिथं पहिल्या वेळी पांढरी रजई होती, मी म्हटलं दादा, सोलापुरात येऊन चादर नाही? तो हसला नि स्टोअरमधून एक जुनी मरून-हिरवी चादर काढून आणली, धुऊन धुऊन मऊ झालेली. त्या वासानं मला घरी आल्यासारखं झालं. आता मी आले की न सांगता ठेवतात. प्रत्येक पाहुण्यानं मागितली तर सगळीच हॉटेलं ठेवतील नि चार मागांना काम मिळेल.

पहिली संध्याकाळ

पाच-साडेपाचला खाली उतरा, चपला घाला, गाडी नको. सिद्धेश्वर मंदिरापासून सुरुवात करा. तळ्याच्या मधे देऊळ आहे, बाराव्या शतकातले शिवयोगी सिद्धरामेश्वर, त्यांनी गावाभोवती ६८ लिंगं स्थापली असं मानतात नि यात्रेत त्या सगळ्यांना तैलाभिषेक होतो. शेजारीच भुईकोट किल्ला. उजेड असेपर्यंत किल्ला करून घ्या मग तळ्याच्या काठावर बसा.

तिथून पार्क चौकाकडं. चार हुतात्म्यांचे पुतळे लागतील, तिथं क्षणभर थांबाच. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन. मे १९३० मध्ये या गावानं इंग्रजांचा अंमल उठवला होता, मग मार्शल लॉ लागला, नि १२ जानेवारी १९३१ ला या चौघांना येरवड्यात फाशी दिली. लिंगायत, मराठा, मारवाडी, मुसलमान, चार घरांतले चार. गाव कसं आहे ते या चार नावांतच कळतं. पुण्याहून येणारी हुतात्मा एक्सप्रेस, हुतात्मा स्मृती मंदिर, सगळी नावं त्यावरूनच.

हुतात्मा स्मृती मंदिराच्या बाहेर काय बोर्ड लागलेत ते बघा, नाहीतर निर्मलकुमार फडकुले सभागृहाच्या. नाटक असेल तर तिकीट काढा. एकांकिका, गाण्याचे कार्यक्रम, कविसंमेलन, काहीतरी चालू असतं नि प्रेक्षक मनापासून दाद देतात. हॉटेलच्या काउंटरवर सकाळचा स्थानिक पेपर असतो, त्यात आजचे कार्यक्रम असं सदर असतं, तेच बघा, नेटवर सगळं सापडत नाही.

मग नवी पेठ. कपडे, चपला, भांडी, सोनं, गर्दी, हॉर्न. तिथून चाटी गल्ली, साड्यांची नि कापडाची. नुसतं बघायचं असेल तर तसं सांगा, गादीवर बसवून पन्नास साड्या उलगडतात नि मग उठवत नाही आपल्याला.

बोलण्याबद्दल एक. इथं मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू सगळं एका वाक्यात येतं. कुणी "काय बे" म्हटलं तर रागावू नका, तो आपलेपणा आहे, पण तुम्ही लगेच अनोळखी माणसाला बे म्हणू नका, ते ओळख झाल्यावर. मोठ्या माणसांना अण्णा, बाईंना अक्का किंवा मावशी म्हटलं की माणूस खुलतो.

दुसरी सकाळ, पूर्व भाग

सातला उठा, हॉटेलचा बुफे नाश्ता सोडा (भाड्यात असला तरी), रिक्षा करा नि कन्ना चौकात उतरा. रिक्षाला मीटरची वाट बघू नका, बसायच्या आधी किती ते ठरवा, शेअर रिक्षापण मिळते. हॉटेलवाल्याला आधी विचारून ठेवा की साधारण किती घेतात. सकाळी गाड्यांवर गरम इडली, वडा, चटणी. तेलुगू नि कन्नड घरांची चव आहे ती, पुण्यातल्या इडलीसारखी नाही.

खाऊन झालं की जोडबसवण्णा चौक, अशोक चौक असं चालत सुटा नि आवाज ऐका. खटाखट, खटाखट, दोन्ही बाजूंच्या घरांतून. तेलंगणातून आलेली पद्मशाली समाजाची माणसं इथं कितीतरी पिढ्या माग चालवतायत. पूर्वी मोठ्या गिरण्या होत्या, जुनी गिरणी, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी, भोंग्यावर गाव उठायचं नि जेवायचं. गिरण्या बंद पडल्या, माग राहिले, आता तेही कमी होतायत, म्हणून म्हणते आत्ता बघून घ्या.

कारखान्यात कसं शिरायचं? दारात उभं राहून आतल्या माणसाकडं बघून हात जोडायचे नि मोठ्यानं विचारायचं, "अण्णा, जरा बघू का?" आवाजात ऐकू येत नाही पण हात जोडलेले कळतात. बहुतेक जण या म्हणतात. आत गेल्यावर काही नियम पाळा, कारण हे कुणाचं तरी रोजगाराचं ठिकाण आहे. ओढणी, लांब ओढणारे कपडे सांभाळा, धोटा (आडवा धागा घेऊन ये-जा करतो तो) नि पट्टा यांच्या जवळ जाऊ नका, लहान मुलांचा हात सोडू नका, फोटो विचारून काढा. मागवाल्याला पीसवर पैसे मिळतात, तो तुमच्याशी दहा मिनिटं बोलला तर त्याचं तेवढं विणणं राहिलं, म्हणून लांबण लावू नका. आणि कांडी भरणाऱ्या (धोट्यातल्या नळीवर धागा गुंडाळणाऱ्या) बायका, विडी वळणाऱ्या बायका ओट्यावर दिसतील, त्यांच्यावर कॅमेरा रोखू नका. माझी आई कांड्या भरायची, कुणी फोटो काढला की ती तोंड फिरवायची.

मागाच्या वर बघा, जेकार्ड दिसेल. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ असते, एकेक पुठ्ठा सरकतो तसे ठरलेले ताण्याचे म्हंजे उभे धागे वर उचलले जातात, मधून धोटा जातो नि नक्षी उमटते. मोर, फुलं, अक्षरं, देवाचे चेहरे सगळं त्या भोकांत लिहिलेलं. लहानपणी फुटके पुठ्ठे आम्ही खेळायला घ्यायचो. इथं भिंतीवर लावायची विणलेली चित्रंपण होतात, वॉल हँगिंग म्हणतात, माणसाचा चेहरा धाग्यात हुबेहूब. मोठमोठ्या शहरांत आर्ट डिस्ट्रिक्ट म्हणून रंगवलेल्या भिंती दाखवतात लोकांना, आमच्याकडं कला ही अशी पायजमा-बनियनवर उभी राहून आठ-दहा तास काम करत असते.

नारळी पौर्णिमेला आलात तर याच भागात मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो. गणपतीत मिरवणुकीचं लेझीम बघा.

चादर घ्यायची कशी

सोलापुरी चादरीला जीआय आहे, तरी त्या नावानं भलतंच खपतं, पानिपतकडून येणारा मिक्स धाग्याचा माल सोलापुरी म्हणून विकतात, अगदी सोलापुरात सुद्धा. म्हणून:

हातात घेऊन वजन बघा, खरी सुती चादर जड नि थोडी खरखरीत लागते, धुतल्यावर मऊ होते. नवीकोरी असून गुळगुळीत चमकत असेल तर संशय घ्या. उलटून बघा, नक्षी दोन्ही बाजूंनी दिसली पाहिजे, रंग फक्त अदलाबदल झालेले. कडेचा एक सुटा धागा मागून घ्या नि दुकानाबाहेर काडीनं पेटवा, सुती धागा कागदासारखा जळून राख होतो, पॉलिस्टर वितळून कडक गोळी होते. खरा विकणारा यावर रागावत नाही, उलट स्वतःच काडी काढून देतो.

भाव करा पण अर्ध्यावर पाडून मागू नका. शक्यतो कारखान्याला जोडलेल्या दुकानातूनच घ्या, पूर्व भागात नि अक्कलकोट रोड एमआयडीसीकडं अशी आहेत. घरी गेल्यावर पहिल्यांदा गार पाण्यात, वेगळी धुवा, लाल-मरून रंग सुटतो.

खायचं काय

हॉटेलच्या मेनूत पनीर टिक्का सगळीकडं सारखाच असतो, तो सोडा. ज्वारीची भाकरी, शेंगाभाजी, शेंगाचटणी, दही, कांदा, एवढं ताट एकदा जेवा. चटणी उखळात कुटलेली असेल तर शेंगदाण्याचं तेल सुटून ती ओलसर, गोळा होणारी असते, मिक्सरमधली भुरभुरीत. मटण खाणाऱ्यांनी सावजी पद्धतीचं किंवा खारा बोटी मागा, तिखट झेपत नसेल तर आधी सांगा, इथलं मध्यम म्हंजे पुण्याचं जहाल. गोडात शेंगापोळी, वर तूप. संध्याकाळी पार्क चौकाच्या चौपाटीवर गाडे लागतात, तिथं उभ्यानं खायचं.

रात्री दहानंतर पेठेत जेवण मिळणं कमी होतं, उशीर होणार असेल तर हॉटेलच्या किचनला आधी सांगून ठेवा.

एखादा दिवस जास्त असेल तर

अक्कलकोट-तुळजापूर सगळेच करतात. मी म्हणेन हत्तरसंग कुडलला जा, साधारण ४० किलोमीटर, भीमा-सीनेचा संगम, तिथल्या देवळात शके ९४० म्हंजे इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख आहे. आपली भाषा हजार वर्षांपूर्वी कुणीतरी दगडात कोरून ठेवलीय, तिच्यासमोर उभं राहिलं की अंगावर काटा येतो. गाडी पाहिजे, रस्त्यात खायला काही मिळेलच असं नाही, पाणी नि कडक भाकरी सोबत घ्या.

निघताना

आदल्या रात्रीच सांगा की उद्या किती वाजता सोडणार नि बिल तयार ठेवा. बिलात सर्व्हिस चार्ज लावला असेल तर तो द्यायलाच पाहिजे असं नाही, काढायला सांगता येतं. त्याऐवजी खोली झाडणाऱ्या मावशींना, सामान आणणाऱ्या पोराला हातात द्या.

परतीची सिद्धेश्वर रात्रीची असते, म्हंजे दुपारी खोली सोडून पूर्ण संध्याकाळ मोकळी. बॅगा काउंटरवर ठेवून घेतात, पावती किंवा टॅग मागा. मग शेवटची चक्कर नवी पेठेत, अर्धा किलो शेंगाचटणी, दोन पाकिटं कडक भाकरी, ती आठवडाभर आरामात टिकते. फक्त चटणीचं पाकीट चादरीच्या घडीत ठेवू नका, तेल उतरतं, माझी एक हिरवी चादर तशीच डागाळली नि तो डाग काही गेला नाही. स्टेशनला गाडीच्या अर्धा तास आधी पोचा, आईबरोबर असलात तर पाऊण तास धरा.